कार्डाचे कुलूप

ठाकूरद्वारच्या धारपांच्या वाडीत गणपतीचे एक लहानसे देऊळ आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसत नाही. शिंप्याच्या दुकानाशेजारचा बोळ ओलांडून आत आले म्हणजे प्रथम प्राजक्त लागतो, मग चार दगडी पायऱ्या, सभामंडप, आणि त्यापलीकडे खिडकी नसलेला गाभारा. या गाभाऱ्यात वीज कधी आणलेली नाही. देवाच्या दोन्ही बाजूंना दोन समया तेवतात, तेवढाच तेथला उजेड. पूजेचा मान उपाध्ये घराण्याकडे परंपरेने चालत आलेला आहे. सध्याचे पुजारी माधवराव उपाध्ये यांनी गिरगावातल्या एका शाळेत संस्कृत शिकवण्यात आयुष्याचा मोठा भाग घालवला, आणि निवृत्त झाल्यापासून दोन्ही वेळची पूजा ते स्वतःच करतात.

गेल्या पौषात एका सकाळी, अभिषेक चालू असताना, देवाचे शेंदराचे कवच सुटले. शेंदूर आणि तेल यांचे लेप वर्षानुवर्षे चढत गेले की त्यांचे एक जाड कवच बनते, आणि आपली वेळ आली की ते तडकून गळून पडते. यात अशुभ काही नाही. देवाने जुने अंगावरून उतरवले, एवढाच त्याचा अर्थ. परंतु अशी वेळ एका पिढीच्या वाट्याला क्वचितच येते. या देवळात ती याआधी माधवरावांच्या आजोबांच्या काळी आली होती, असे सांगतात. कवचाचे तुकडे रेशमी वस्त्रात बांधून गिरगावच्या चौपाटीवर विसर्जित करण्यात आले. माघातल्या गणेशजयंतीपूर्वी मुहूर्त पाहून नवा लेप चढवायचे ठरले, आणि तोवर देवाचे मूळ पाषाणरूप सर्वांना दर्शनासाठी खुले राहिले.

साऱ्या वाडीने ते दर्शन घेतले. माहेरवाशिणी डोंबिवलीहून आणि ठाण्याहून आल्या. एक मात्र राहिली, ती माधवरावांची पत्नी कालिंदीबाई.

कालिंदीबाई कार्तिकात स्वयंपाकघरात घसरून पडल्या होत्या. खुब्याची शस्त्रक्रिया चांगली झाली, घरात काठी घेऊन त्या हिंडूफिरू लागल्या. पण होळीपर्यंत जिना उतरायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. उपाध्यांचे बिऱ्हाड वाडीतल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना लाकडी, अरुंद व चांगलाच उभा आहे.

"चार माणसं खुर्ची उचलतील," माधवराव म्हणाले.

"आणि वळणावर खुर्ची अडकली म्हणजे? धड वर नाही, धड खाली नाही. त्रिशंकू करून ठेवाल माझा."

"मग दर्शन कसं घडायचं तुला?"

"तुम्ही सांगा ना बघून. इतकी वर्षं मुलांना श्लोकांचे अर्थ सांगितलेत. बायकोला एक गणपती सांगता येत नाही?"

माधवरावांनी सांगण्याचा प्रयत्न केला. पाषाण काळा आहे. सोंड डावीकडे वळलेली आहे. देव आपल्याला वाटत होता त्याच्या निम्माही नाही. मुद्रा प्रसन्न आहे.

"हे तर कुठल्याही गणपतीचं वर्णन झालं," कालिंदीबाई म्हणाल्या. त्या महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवत असत. "सोंड वळते कुठून? डोळे कोरलेत की नुसते उठवलेत? कान कपाळापासून सुटे आहेत की चिकटलेले?"

माधवरावांना एकाही प्रश्नाचे उत्तर देता येईना. रोज दोन वेळा ज्याला स्नान घालतो त्याचे कान आपण पाहिलेले नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. कालिंदीबाईंनी पुढे काही विचारले नाही. त्या विषय सोडून देत होत्या, हेच माधवरावांना अधिक लागले. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हापासून खालच्या देवाच्या फुलपात्रापासून गंधापर्यंतची सगळी सिद्धता त्यांच्या हातची होती. मुहूर्त गुरुवारी सकाळचा ठरला होता. एकदा लेप चढला की हे रूप त्यांच्या हयातीत पुन्हा उघडे व्हायचे नव्हते.

कोणी म्हणेल, मोबाइलवर छायाचित्र काढायला किती वेळ लागतो. पण मागे एकदा ऐन आरतीत कोणाच्या तरी मोबाइलवर सिनेमातले गाणे वाजले, दुसऱ्या कोणी तरी अभिषेक थेट प्रक्षेपित केला, आणि तेव्हापासून विश्वस्तांनी देवळात मोबाइल नेण्यास बंदी केली. झगझगीत दिव्याने फोटो काढण्यास तर पूर्वीपासूनच मनाई होती. माधवराव स्वतः या दोन्ही नियमांच्या बाजूचे. आपल्या घरच्या माणसासाठी नियम वाकवावा हे त्यांच्या मनातही येणे शक्य नव्हते.

मार्ग निघाला तो त्यांच्या धाकट्या बहिणीकडून. सुचित्राबाई विमा कंपनीतून निवृत्त होऊन दादरला राहतात. त्यांना छायाचित्रणाचा नाद आहे, आणि तोही वेगळाच: त्या पावसाळी ढगांतली वीज टिपतात. मंगळवारी दुपारी त्या वहिनीला भेटायला सुरळीच्या वड्या घेऊन आल्या, सगळी हकिकत त्यांनी ऐकली आणि पर्समधून साबणाच्या वडीएवढा एक जुना डिजिटल कॅमेरा काढून टेबलावर ठेवला.

"मोबाइलला बंदी आहे ना? हा मोबाइल नाही. याला रेंज नाही, इंटरनेट नाही, गाणं नाही."

"पण आत काळोख," माधवराव म्हणाले. "आणि फ्लॅश चालत नाही."

"फ्लॅश बंद करता येतो. अडचण दुसरीच आहे. अंधारात फोटो काढायचा तर कॅमेऱ्याने डोळा बराच वेळ उघडा ठेवायला हवा. थेंब थेंब पाणी साठवून तांब्या भरावा, तसा उजेड साठवायचा. हा बापडा एका सेकंदापलीकडे डोळा उघडा ठेवत नाही. कंपनीने तेवढीच मुभा दिलीय त्याला."

"मग तू विजा कशा टिपतेस?"

"मी त्याला वेगळं फर्मवेअर घातलंय." भावाच्या चेहऱ्याकडे पाहून त्या पुढे म्हणाल्या, "सांगते. कॅमेऱ्यात एक छोटा संगणकच असतो. काय करायचं, काय नाही, याचे नियम आत लिहिलेले असतात. जगभरच्या हौशी लोकांनी शोधून काढलं की याच्या अंगात पुष्कळ ताकद आहे, नियमांनी ती मिटवून ठेवलीय. त्यांनी एक जास्तीचा प्रोग्राम लिहिला. तो या कार्डावर ठेवायचा. कॅमेरा चालू झाला की आधी कार्डावरचं वाचतो, आणि मग मिनिटभर डोळा उघडा ठेव म्हटलं तरी ठेवतो."

"कंपनीची अनुज्ञा आहे याला?"

"नाही."

"म्हणजे आडवाटेचं झालं."

"दादा, कॅमेरा माझा आहे, दुकानात पैसे मोजून घेतलेला. आणि प्रोग्रामवाले कोणाकडून दमडी घेत नाहीत. त्यात चोरी कसली? शिवाय कॅमेऱ्याच्या आतलं काही बदलत नाही. कार्ड काढलं की तो पूर्वी होता तसाच."

माधवरावांनी कॅमेरा हातात घेतला आणि ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. अशा वेळी घाई करायची नाही, हे घरातल्या दोघीही जाणून होत्या. कालिंदीबाईंनी तेवढ्यात आणखी एक वडी घेतली.

"जे मुळात नाही ते कोणालाही उत्पन्न करता येत नाही," शेवटी ते म्हणाले. "तिळात तेल असतंच. घाणा ते फक्त बाहेर आणतो. वाळूचा घाणा घातला तर काही निघणार नाही. म्हणजे तुझ्या या लोकांनी नवं काही निर्माण केलेलं नाही. होतं ते प्रकट केलं."

"झालं," कालिंदीबाई नणंदेला म्हणाल्या. "तुमच्या कॅमेऱ्याची मुंज लागली, वन्सं."

बुधवारी सकाळी माधवराव विश्वस्तांना भेटले, त्यांना कॅमेरा दाखवला, आवाज आणि फ्लॅश दोन्ही बंद राहतील असे सांगितले आणि एका छायाचित्राची रीतसर परवानगी घेतली. संध्याकाळी घरच्या देवघरात तालीम झाली. खोलीतले दिवे मालवून एक निरांजन लावले. सुचित्राबाईंनी पांढऱ्या मांजरपाटाची पिशवी शिवून तिच्यात तांदूळ भरले होते. कॅमेरा हातात धरला तर हलतो. तांदळाच्या पिशवीवर बसवला की जसा हवा तसा रुततो आणि स्थिर राहतो. चामड्याचा पट्टा काढून त्याजागी रेशमी गोफ बांधला. गाभाऱ्यात सोवळ्यात असलेल्या पुजाऱ्याखेरीज कोणी जात नसल्याने सगळे माधवरावांनाच करायचे होते.

"चालू केलास की पडद्यावर क्षणभर एक वेगळी पाटी येईल," सुचित्राबाईंनी शिकवले. "ती आली की समज, आपला प्रोग्राम जागा झाला. मग हे बटण, मग खाली, खाली, आणि हा आकडा. दाबलंस की हात काढून घे आणि मागे सर."

"आणि मग?"

"मग काही नाही. उभा राहा. तुला ते जमतं."

चौथ्या खेपेस निरांजनाच्या उजेडातला बाळकृष्ण असा स्वच्छ उमटला की त्याच्या हातातल्या लोण्याच्या गोळ्यावरची घासलेली जागासुद्धा दिसली. कालिंदीबाईंनी ते चित्र पाहिले. त्या नुसत्या नवऱ्याकडे बघून हसल्या. त्यांनी दर्शनाचा विषय मनातून काढून टाकला नव्हता, हे माधवरावांना तेव्हा कळले. सुचित्राबाई रात्री तेथेच राहिल्या.

गुरुवारी पहाटे माधवरावांनी स्नान करून सोवळे नेसले. आता उपाध्यांच्या घरचा एक रिवाज सांगितला पाहिजे. गाभाऱ्याचे दार उघडे असेल तेवढा वेळ पुजाऱ्याच्या घरात एकही कुलूप लागलेले राहू द्यायचे नाही. देव आपले दार मोकळे करून बसला असताना त्याच्या सेवकाने काही अडकवून ठेवू नये, ही त्यामागची भावना. म्हणून दररोज खाली उतरण्यापूर्वी माधवराव कपाटाची कुलपे काढतात, जुन्या ट्रंकेची कडी मोकळी करतात, कोणी पाहुणा आला असेल तर त्याच्या बॅगेचेही कुलूप उघडायला लावतात. पाहुण्यांना याची गंमत वाटते. घरच्यांना त्यात सांगण्यासारखे काही वाटत नाही. दात घासावेत तसे ते होऊन जाते.

त्या दिवशी कुलपे काढून झाल्यावर त्यांनी कॅमेऱ्यावर तुळशीचे पाणी शिंपडायचे ठरवले. आत पाणी जाऊ देऊ नकोस, असे बहिणीने बजावले होते. म्हणून खबरदारी घेऊन त्यांनी कॅमेऱ्याच्या तळचे झाकण उघडले, बॅटरी आणि कार्ड काढून कोरड्या पाटावर ठेवले, कॅमेरा ओल्या फडक्याने पुसला आणि वरून दोन थेंब शिंपडले. मग कार्ड परत घालताना त्यांच्या चष्म्यासमोर ते आले. त्याच्या कडेला नखाएवढी एक पट्टी होती, आणि तिच्याशेजारी बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिले होते, 'लॉक'. पट्टी कुलपाच्या बाजूला होती.

हे कुलूप राहिलेच होते की, असे मनाशी म्हणून त्यांनी नखाने पट्टी सरकवली आणि कार्ड आत घातले.

देवळात पोहोचले तेव्हा सभामंडपात गुणाजी मूर्तिकार येऊन बसला होता. गुणाजी मूळचा मालवणकडचा. लालबागेत त्याची गणपतीची चित्रशाळा आहे आणि शेंदराचा लेप देण्यात त्याचा हात बसलेला आहे. तोही सोवळे नेसून आला होता. परातीत शेंदूर घेऊन त्यात थोडे थोडे तेल घालत तो तळहाताने मळत होता.

"शास्त्रीबुवा, वेळ आसा अजून," तो म्हणाला. "पण लेप जास्त वेळ ठेवूक येणा नाय. घट्ट झालो की बसणा नाय तो."

"उशीर नाही करत. एक छायाचित्र घेतो आणि तुला हाक मारतो."

सुचित्राबाई उंबऱ्याबाहेर, गाभाऱ्याच्या दारासमोर बसल्या. माधवरावांनी आत जाऊन नमस्कार केला, समयांच्या वाती पुढे सारल्या, देवासमोर चौरंग ठेवला, त्यावर तांदळाची पिशवी आणि पिशवीवर कॅमेरा. बटण दाबले. पडदा उजळला आणि देव दिसू लागला. पण ती वेगळी पाटी काही आली नाही.

त्यांनी कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला. शिकवल्याप्रमाणे बटण दाबले, खाली, खाली. पडद्यावर भलतेच काही आले. त्यांनी तसेच एक चित्र काढून पाहिले. काळ्याभोर चौकटीत दोन पिवळे ठिपके उमटले. त्या समया होत्या. देव कुठेच नव्हता.

"दादा, काय झालं?" बाहेरून सुचित्राबाईंनी विचारले.

"तुझी पाटी येत नाही."

"कशी येत नाही? काल चार वेळा आली."

"काल आली. आज येत नाही. तुझ्या लोकांचा प्रोग्राम गाभाऱ्यात यायला संकोचतोय."

"थट्टा पुरे. कॅमेरा पडला का?"

"नाही."

"आत पाणी गेलं?"

"नाही. कार्ड आणि बॅटरी काढूनच पुसला."

"कार्ड काढलंस? मग परत घालताना काही केलंस का त्याला?"

"काही नाही. कुलूप होतं ते काढलं."

बाहेरून गुणाजीचा शेंदूर मळण्याचा आवाज येत होता. मग सुचित्राबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"काय झालं हसायला?"

"अरे, त्या कुलपावरच सगळं आहे. कुलूप लावलेलं दिसलं की कॅमेरा समजतो, आधी कार्डावरचा प्रोग्राम वाचायचा. कुलूप उघडं असलं की तो कंपनीचा साधा कॅमेरा."

"पण कुलूप लावलं तर चित्र त्यावर उतरणार कसं? लिहायला बंदी नाही का होत?"

"इतर कॅमेऱ्यांत होते. या प्रोग्रामने ती अडचण आधीच काढलीय. दादा, ते कुलूप लाव."

माधवराव हातात कॅमेरा घेऊन उभे राहिले. गाभाऱ्याचे दार उघडे होते. देव उघडा होता. इतका उघडा तो त्यांच्या सबंध आयुष्यात कधी नव्हता. आणि अशा वेळी आपल्या हाताने कुलूप लावायचे. वडिलांनी हे कधी केले नव्हते, आजोबांनी केले नव्हते. एकदा त्यांच्या लहानपणी हा रिवाज गावाहून आलेल्या मामांच्या पेटीपाशी अडला होता: किल्ली हरवली म्हणून पेटी उघडेना, तेव्हा वडिलांनी पूजा थांबवून लोहार आणवला होता.

"शास्त्रीबुवा," गुणाजीने हलकेच सांगितले, "शेंदूर तयार झालो."

सुचित्राबाई आता हसत नव्हत्या. त्यांना या घराचा रिवाज ठाऊक होता. त्याच घरात त्या वाढल्या होत्या. "दादा, तुला पटत नसेल तर राहू दे," त्या म्हणाल्या. "वहिनीला मी सांगेन."

या शब्दांनी माधवरावांचा विचार वेगाने नव्हे, पण सरळ चालू लागला. विधीचा अर्थ लावताना शब्दाआधी प्रयोजन पाहावे, हे त्यांनी शाळेत किती तरी वेळा सांगितले होते. कुलूप काढायचे कशासाठी? सेवकाने देवापासून काही रोखून ठेवू नये यासाठी. मग या इवल्या पट्टीने काय रोखले जाते? ती उघडी ठेवली तर वर तिसऱ्या मजल्यावर बसलेल्या माणसापासून देव रोखला जातो. लावली तर पोहोचतो. कुलूप म्हणावे ते यांपैकी कोणते?

त्यांनी देवाकडे पाहिले. मग झाकण उघडून कार्ड काढले, पट्टी नखाने सरकवली आणि कार्ड आत घातले. बटण दाबताच पडद्यावर ती पाटी क्षणभर उमटून गेली.

"आली," ते म्हणाले.

"मग दाब आणि मागे सर."

त्यांनी दाबले आणि हात जोडून भिंतीशी उभे राहिले. कॅमेऱ्याने डोळा उघडला होता. त्याची काही खूण दिसत नव्हती, आवाज नव्हता. समयांच्या ज्योती स्थिर होत्या. माधवरावांनी मनात स्तोत्राचा आरंभ केला. पूजेत हात सतत गुंतलेले असतात, एका उपचारामागून दुसरा येतो; या देवासमोर काहीही न करता नुसते उभे राहण्याचा प्रसंग त्यांना आठवत नव्हता. स्तोत्र संपण्यापूर्वीच पडद्यावर चित्र आले.

त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून पाहिले नाही. कॅमेरा तसाच उंबऱ्याबाहेर ठेवला. सुचित्राबाईंनी पडद्यावर नजर टाकली, तो उचलला आणि त्या जिन्याकडे निघाल्या.

"गुणाजी, थोडं थांबशील?" माधवराव म्हणाले.

"थांबतंय. तेल घालून नरम ठेवतंय. वैनींका बघूंदेत आधी."

माधवराव बहिणीमागोमाग वर गेले तेव्हा सुचित्राबाईंनी लॅपटॉप उघडून कालिंदीबाईंच्या मांडीवर ठेवला होता. चित्रात गाभारा होता तसा कोणी पाहिला नव्हता. मूर्ती काठापासून काठापर्यंत उजळली होती. पाषाण काळा नसून गर्द निळसर होता आणि त्यावर छिन्नीचे घाव तिरपे, एका दिशेने गेलेले दिसत होते. कालिंदीबाईंनी चष्मा पुसून लावला आणि हात जोडले. मग त्यांनी ते चित्र मोठे करून, फळ्यावरचे रेखाटन तपासावे तसे, वरून खाली पाहायला सुरुवात केली.

"कान सुटे आहेत," त्या म्हणाल्या. "डावा पुरा झालेला नाही. कारागिराने मुद्दाम सोडला असेल नाही तर दगड कच्चा निघाला असेल. सोंड कपाळातून सरळ येते आणि दाताशी वळते. किती साधी रेषा आहे. डोळे कोरलेले नाहीत, नुसते उठवलेत." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या ते लपवीतही नव्हत्या.

माधवराव शेजारी बसले. त्यांना एवढेच हवे होते, आणि ते झाले होते. खाली जायला हवे होते, पण उठवेना.

"हा उंदीर किती गोड आहे," कालिंदीबाई म्हणाल्या.

"कुठला उंदीर?"

"हा काय. पायाशी."

"आपल्या गणपतीला उंदीर नाही," माधवराव म्हणाले. "पहिल्यापासून नाही. बाबा सांगत असत."

"अहो, बघा तरी." त्यांनी बोट ठेवले. देवाच्या डाव्या पावलामागे, आसनाच्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढा एक उंदीर बसला होता. दोन कान, वर उचललेले तोंड, आणि पुढच्या पायांत धरलेला मोदक. माधवरावांनी वाकून पाहिले. ती जागा त्यांच्या ओळखीची होती. गेले कित्येक दिवस अभिषेकानंतर ते तेथे तेल लावत होते, आणि बोटांना लागणारा तो उंचवटा दगडाचा समजून पुढे जात होते. डाव्या समईच्या बैठकीची सावली नेमकी त्याच कोपऱ्यावर पडे.

"मी त्याला रोज हात लावलाय," ते म्हणाले.

"मग ओळख नुसती करून द्यायची राहिली होती," कालिंदीबाई म्हणाल्या. "आता जा लवकर. गुणाजीला सांगा, लेप त्याच्यावर जाड देऊ नकोस. नाही तर पुन्हा बुजेल."

"दादा, पळ," सुचित्राबाई म्हणाल्या. "पळ म्हणजे तुझ्या चालीने."

माधवराव पुन्हा पाण्याने शुद्ध होऊन, सोवळे बदलून खाली उतरले. मुहूर्ताला अजून अवकाश होता. गाभाऱ्यात जाऊन त्यांनी डावी समई उचलून वीतभर पुढे ठेवली आणि गुणाजीला आत बोलावून कोपरा दाखवला. गुणाजी गुडघ्यांवर बसला. त्याने बोट फिरवले, मग तोंड अगदी जवळ नेले.

"ह्यो तर खरोच उंदीर," तो म्हणाला. "माका वाटला, दगडाचो उंचवटो. हात मारून मोकळो झालो असतंय."

"मलाही तेच वाटत होतं."

"कोणी बघल्यान?"

"वरून. तिसऱ्या मजल्यावरून."

गुणाजीने मान डोलावली. त्याने मोठा लेप देवाच्या मस्तकापासून सुरू केला. शेंदूर पाषाणावर बसू लागला तसा तो निळसर रंग, ते तिरपे घाव, अपुरा डावा कान, एकेक करून झाकले जाऊ लागले. माधवराव मंत्र म्हणत होते. आपल्याला वाईट वाटेल असे त्यांनी धरले होते, पण तसे काही झाले नाही. जे झाकले जात होते ते वर कोणी तरी पाहून ठेवले होते. पावलांपाशी आल्यावर गुणाजीने परात बाजूला ठेवली, करंगळीच्या टोकावर थोडा पातळ शेंदूर घेतला आणि उंदराला नुसता स्पर्श करावा तसा तो लावला. कानांच्या कडा मोकळ्या राहिल्या. मोदकावर त्याने लेप दिलाच नाही.

"मोदक पांढरोच बरो दिसतलो," तो म्हणाला, आणि जरा अक्षता कुटून त्याने त्यावर चिकटवल्या.

आरती झाली. माधवराव वर आले तेव्हा कालिंदीबाईंनी विचारले, "राहिला?"

"राहिला."

"कान?"

"दोन्ही."

"पानं घ्या मग वन्सं," कालिंदीबाई म्हणाल्या. "उशीर फार झाला."

दुपारी सुचित्राबाईंनी चित्राची एक प्रत विश्वस्तांसाठी करून ठेवली, कॅमेरा पर्समध्ये टाकला आणि त्या दादरला गेल्या. संध्याकाळी नव्या शेंदरातल्या देवाचे दर्शन घ्यायला वाडी लोटली. कालिंदीबाई गॅलरीत खुर्ची टाकून मटार सोलत बसल्या होत्या. खालून सभामंडपातली बोलणी स्पष्ट ऐकू येत. एक म्हातारे गृहस्थ कोणाला तरी ठासून सांगत होते की हा उंदीर पहिल्यापासून होताच, आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. मग एका लहान मुलीचा आवाज आला, "आई, उचल मला, उंदीर दिसत नाही," आणि थोड्या वेळाने, "दिसला."

कालिंदीबाईंनी एक शेंग फोडली, दाणे पातेल्यात टाकले आणि दुसरी घेतली.